देवाची ठेव : संत फ्रान्सिस झेवियर

रेवदंड्याच्या कोटांत ज्यांच्या नांवाच्या कपेलाचे अवशेष आहेत, ते संत फ्रान्सिस झेवियर ता. ७ एप्रिल १५०६ रोजीं स्पेनमधील नव्हार येथें जन्मले. पॅरिसच्या विद्यापीठांत उडी मारण्यांत त्यांचा हातखंडा असे. पुढें संत इग्नेशियस लोयोलांच्या संगतीनें वैराग्य आलें, तेव्हां त्या गर्वाचें प्रायश्चित्त म्हणून त्यांनीं अंगास दोऱ्या आवळून बांधल्या. व्हेनिसच्या वाटेवर त्या मांसांत रुतल्या व चालणेंहि अशक्य झालें, असें चरित्रकार सांगतात.

इग्नेशियस यांनींहि मान्रेसा येथें कडक उपवासांनीं आपली प्रकृति बिघडवून घेतली होती. म्हणूनच १५४८ सालीं फ्रान्सिस बोर्जिया यांस पत्र लिहून त्यांनीं उपवास कमी करण्यास सांगितलें. शरीरहि देवाचेंच असून त्याचा हिशेब द्यावयाचा आहे, हें पटविलें.

ता. ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरल्यावर झेवियर यांनीं इस्पितळांतच बिऱ्हाड केलें व दुखणाइतांची सेवा आरंभिली. ता. ३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनजवळील सांच्यान बेटावर तापानें त्यांचा अंत झाला.

प्रिय बंधुभगिनींनो, परक्याच्या देहाची शुश्रूषा जर पुण्य, तर स्वतःच्या देहाची हेळसांड भक्ति कशी ठरेल? उपवासकाळांत दुखणाइतानें वैद्याचें औषध व पथ्याचें अन्न निःशंक घ्यावें. तोहि आज्ञापालनाचाच मार्ग होय.