विल्यम नीलांडर : शैवाकांचे परीक्षक

गोड्या मसाल्यातील दगडफूल आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. ते एक शैवाक होय. शैवाकांपैकी काही मात्र खडकाला खपलीसारखे इतके घट्ट चिकटतात की नखानेही सुटत नाहीत. ज्याला पान नाही, देठ नाही, त्या डागाची प्रजाती ओळखावी कशी? या प्रश्नाला नवे उत्तर देणाऱ्या विल्यम नीलांडर यांचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

नीलांडर यांचा जन्म १८२२ साली फिनलंडमधील ओउलू येथे झाला. शिक्षण वैद्यकाचे, परंतु मन रमले ते आधी मुंग्यांत आणि पुढे शैवाकांत. १८५७ मध्ये ते हेलसिंकी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८६३ मध्ये ते पद सोडून ते पॅरिसला गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचे आकार व रचना पाहून ते वर्गीकरण करीत. १८६६ मध्ये त्यांनी रूपाच्या परीक्षेला रसायनाची जोड दिली. खपलीवर कॉस्टिक पोटॅशच्या किंवा ब्लीचिंग पावडरीच्या द्रावणाचा थेंब सोडावा आणि रंग पाहावा, एवढीच ती कृती. कॅलोप्लाकाची नारिंगी खपली पोटॅशने जांभळट लाल होते. ऑक्रोलेकिया ब्लीचिंगच्या द्रावणाने लाल होते. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या पर्टुसारियाच्या अनेक प्रजातींचा रंग बदलत नाही. शैवाकांत तयार होणारी निरनिराळी द्रव्ये हे त्याचे कारण. केवळ रंगावरून प्रजाती वेगळी मानावी काय, असा आक्षेप समकालीनांनी घेतला. तरी ही परीक्षा टिकली.

त्याच वर्षी पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातील शैवाकांवर लिहिताना, ते हवेच्या शुद्धतेची साक्ष देतात, हेही त्यांनी दाखविले.

पुढे सिमोन श्वेंडेनर यांनी शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवल यांचे सहजीवन, असे मांडले. पुरावा सूक्ष्मदर्शकाचाच होता. पण नीलांडर यांनी तो शेवटपर्यंत नाकारला. वादांत स्नेही दुरावले. १८९९ साली पॅरिसमध्ये त्यांचे एकाकी निधन झाले.

त्यांचा संग्रह हेलसिंकीत आहे आणि त्यांचे थेंब आजही अभ्यासकांच्या हाती आहेत. आमच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडून परीक्षेची शिस्त घ्यावी. आणि परीक्षेचा निकाल आपल्या मताविरुद्ध गेला तरी तो स्वीकारण्याचे धैर्यही अंगी बाणवावे, असे आम्हांस वाटते.