होमी भाभा : पोलाद कारखान्यासाठी निघालेला मुलगा अणूच्या गाभ्यात कसा शिरला?

भोसरी-चाकण पट्ट्यात काम करत असाल तर शॉपचा एक कोपरा दोरी बांधून, धोक्याचा बोर्ड लावून बंद केलेला कधीतरी पाहिला असेल. आत कास्टिंगचं किंवा वेल्डचं आरटी चालू असतं. त्या कॅमेऱ्यातला सोर्स बरेचदा इरिडियम-192 असतो. भारतात तो ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत बनतो, आणि ट्रॉम्बे उभं केलं डॉ. होमी भाभांनी.

भाभांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 चा, मुंबईच्या पारशी घरातला. घरच्यांचा बेत सरळ होता : केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं, परत येऊन जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात लागायचं. 1927 मध्ये ते गेलेही, पण मन भौतिकशास्त्रात अडकलं. त्यांनी वडिलांना तसं स्पष्ट कळवलं. वडिलांनी अट घातली, आधी इंजिनिअरिंगमध्ये फर्स्ट क्लास आण, मग हवं ते शिक. 1930 मध्ये त्यांनी तो आणला. (ही अट आजही किती घरांत ऐकू येते!)

पुढची काही वर्षं वैश्विक किरणांची. 1938 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की मेसॉन कण आपोआप क्षय पावायला हवेत, आणि ते वेगाने धावत असतील तर आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनुसार त्यांचं आयुष्य आपल्याला लांबलेलं दिसेल. पुढे प्रयोगांत तसंच दिसलं.

1939 मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि युद्ध पेटलं. परत जाणं राहून गेलं. बेंगळुरूला काम करताना मार्च 1944 मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं. मुद्दा असा की काही दशकांत अणूपासून वीज होईल, तेव्हा तज्ज्ञ बाहेरून आणायची वेळ येऊ नये. हिरोशिमा अजून व्हायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट! 1945 मध्ये टीआयएफआर सुरू झाली, आणि 4 ऑगस्ट 1956 ला ट्रॉम्बेची अप्सरा अणुभट्टी चालू झाली. इंधन ब्रिटनचं, बांधणी आपली.

आता इरिडियमकडे. त्याच्या गाभ्यात 77 प्रोटॉन. निसर्गात 191 आणि 193 हे दोनच प्रकार टिकतात. भट्टीत 191 ला एक न्यूट्रॉन चिकटला की 192 होतो आणि नेमका मधे अडकतो. साधारण 95 टक्के वेळा त्यातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन बाहेर पडतो आणि प्लॅटिनम उरतं. उरलेल्या 5 टक्के वेळा गाभा स्वतःचाच एक इलेक्ट्रॉन गिळतो, प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि ऑस्मियम बनतं. अर्धायुष्य 74 दिवस. म्हणजे अडीच महिन्यांनी त्याच फिल्मला दुप्पट वेळ द्यावा लागतो.

इलेक्ट्रॉन गिळण्याची ही वाट न्यूट्रॉन कमी असलेल्या गाभ्यांची नेहमीची. हार्ट स्कॅनला वापरतात ते थॅलियम-201 घ्या. स्थिर थॅलियम 203 आणि 205, म्हणजे याला न्यूट्रॉन कमी पडतात, म्हणून सुमारे तीन दिवसांत त्यातलं निम्मं पारा होऊन जातं. शिशाच्या आसपासच्या जड गाभ्यांत न्यूट्रॉनची टंचाई आणखी वाढली, की बरेचसे गाभे अल्फा कण फेकून मोकळे होतात. पण हे अणुभट्टीत सहजी होत नाही, कारण भट्टी न्यूट्रॉन घालते. इथे लागतो त्वरक.

24 जानेवारी 1966 ला व्हिएन्नाला जाताना एअर इंडियाचं विमान माँ ब्लाँवर कोसळलं. भाभा 56 वर्षांचे होते. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं. ट्रॉम्बे आणि टीआयएफआर यांचा पेलेट्रॉन त्वरक कुलाब्यात 1980 च्या दशकाच्या शेवटी सुरू झाला. तिथे दोन गाभे आदळून एक होतात, तापलेला गाभा न्यूट्रॉन उडवून देतो, आणि जो न्यूट्रॉन-टंचाईचा गाभा उरतो त्याच्या गॅमा किरणांवरून तो गोल आहे की चपटा, हे शोधलं जातं.