इब्न खल्दून : पोटापाणी आणि माणसाची घडण



एखादं मूल अभ्यासात मागे पडलं की त्याला जन्मतःच डोकं कमी आहे, असं आपण पटकन म्हणून टाकतो. या समजुतीला सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वी एका मुस्लिम विद्वानाने उत्तर देऊन ठेवलं आहे. त्यांचं नाव इब्न खल्दून.

त्यांचा जन्म १३३२ मध्ये उत्तर आफ्रिकेतील ट्युनिस शहरात झाला. घराणं मूळचं स्पेनमधल्या सेव्हिलचं, शिकलेलं. लहानपणीच त्यांनी कुराण पाठ केलं. पुढे इस्लामी कायदा आणि तर्कशास्त्र शिकले. ते सतरा वर्षांचे होण्याच्या सुमारास प्लेगची भयंकर साथ आली. तिच्यात आईवडील गेले आणि त्यांचे कितीतरी शिक्षकही गेले.

नंतर त्यांनी फेज, ग्रानाडा, बिजाया अशा अनेक दरबारांत कामं केली. फेजमध्ये जवळजवळ दोन वर्षं तुरुंगातही काढली. या धावपळीत वाळवंटातल्या टोळ्या आणि श्रीमंत शहरं, दोन्ही त्यांनी जवळून बघितली. १३७५ मध्ये राजकारण सोडून ते आजच्या अल्जीरियातल्या एका किल्ल्यात राहायला गेले. तिथेच १३७७ मध्ये 'मुकद्दिमा' हा ग्रंथ लिहून झाला.

त्यात ते काय सांगतात बघा. माणसामाणसांतला फरक मुख्यतः त्यांच्या उपजीविकेच्या साधनांमुळे पडतो. शहरातली माणसं जास्त हुशार वाटतात, पण ती जन्मतः वेगळी नसतात. तिथे हस्तकला असतात, व्यापार असतो, शिकवणारे असतात. त्यातून बुद्धीला वळण लागतं. पोटाची सोय झाली की मगच विद्या वाढते. मात्र नुसती सुबत्ता माणसाला ऐषारामी आणि दुबळी करते, हेही ते बजावतात.

इस्लामने जकात वगैरे करांना मर्यादा घातली आहे. ती पाळणाऱ्या राज्यात कर कमी असतात, म्हणून लोक उत्साहाने कष्ट करतात. कर वाढत गेले की कामावरची आशाच सुटते. वेठबिगारी तर त्यांना फार मोठा अन्याय वाटते, कारण गरिबाकडे विकायला त्याचे श्रमच असतात. अन्यायाने वस्ती उजाड होते, म्हणूनच धर्माने तो निषिद्ध केला, असं त्यांचं म्हणणं.

१३८४ मध्ये ते कैरोत मुख्य न्यायाधीशांपैकी एक झाले. त्याच सुमारास त्यांच्याकडे येणारं कुटुंब जहाज बुडून गेलं. तरी त्यांचं लेखन आणि शिकवणं चालूच राहिलं. १४०६ मध्ये कैरोतच त्यांचं निधन झालं.

आपल्यासाठी त्यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. शिक्षक फार कडक वागला तर मूल आळशी होतं आणि भीतीपोटी खोटं बोलायला शिकतं. तेव्हा मागे पडलेल्या मुलावर शिक्का मारण्याआधी त्याच्या घरी काम कोणतं चालतं, त्या कामाचा पुरेसा मोबदला मिळतो का, शाळेतून गेल्यावर त्याला कशाला जुंपतात, एवढं तरी आपण विचारून बघूया.