वाचकांना उत्तर दिलं म्हणून २०० रुपये दंड : र. धों. कर्वे यांची गोष्ट

हैदराबाद : शहरात भिंती, खांब, सार्वजनिक मुताऱ्या, कुठेही बघा. गुप्तरोग, कमजोरी, हमखास इलाज, खाली मोबाईल नंबर. या धंद्याचं भांडवल एकच, माणसाची लाज. ज्याला प्रश्न विचारायला जागा नाही, तो तिथे पैसे मोजतो. या लाजेविरुद्ध एका मराठी माणसाने २६ वर्षं मासिक चालवलं. त्यांचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

जन्म १४ जानेवारी १८८२. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक होते, मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी असंच केंद्र उघडलं होतं. कॉलेजला हे काम पटलं नाही आणि कर्व्यांना नोकरी सोडावी लागली. काम मात्र त्यांनी सोडलं नाही. पत्नी मालतीबाई पाठीशी राहिल्या. दोघांनी विचारपूर्वक मूल होऊ दिलं नाही.

मासिक आणि खटले

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू झालं. तेव्हा नांदेड, परभणी, बीड हा आपला सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कामजीवनावर मराठीत उघडपणे लिहिणं कुठेच सोपं नव्हतं, आणि मुंबईत तर त्याबद्दल कोर्टाची पायरी चढावी लागली.

१९३१ मध्ये एका लेखावरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, १०० रुपये दंड बसला. १९३४ चा दुसरा खटला जास्त बोलका आहे. या वेळी गुन्हा काय, तर वाचकांनी हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांबद्दल विचारलेल्या प्रश्नांना छापील उत्तरं दिली. वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. मासिक लैंगिक विषयाला वाहिलेलं असेल तर वाचक तेच विचारणार, आणि विचारल्यावर उत्तर देणं हा गुन्हा कसा, असा त्यांचा मुद्दा होता. खटला हरला. दंड २०० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

कर्वे काय सांगत होते?

हस्तमैथुनाने माणूस खंगत नाही. कामेच्छा हे पाप नाही. सुखाचा हक्क नवऱ्याइतकाच बायकोलाही आहे. आजचं वैद्यकशास्त्रही यापेक्षा वेगळं सांगत नाही. वीर्य शरीरात सतत तयार होतं, ते गेल्याने ताकद जात नाही. झोपेत वीर्य जाणं हा आजार नाही. लिंगाला ताठरता येते ती रक्त भरल्यामुळे. काळजी, थकवा, दारू यांनी ती कधीमधी येत नाही, यात घाबरण्यासारखं काही नाही. पण वारंवार असं होत असेल तर साखर, बीपी आणि हृदय तपासून घ्यावं, कारण कधी कधी रक्तवाहिन्यांच्या आजाराची ती पहिली खूण असते. बाईच्या शरीरालाही उत्तेजित व्हायला, ओलावा यायला वेळ लागतो. घाई केली तर त्रास होतो. संबंधाच्या वेळी नेहमी दुखत असेल, तर ते अंगावर काढू नये.

यातली एकही गोष्ट भिंतीवरच्या जाहिरातीत नसते. असती तर जाहिरातीला गिऱ्हाईकच उरलं नसतं! हैदराबादेत राहणाऱ्यांसाठी उस्मानिया आणि गांधी ही सरकारी रुग्णालयं आहेत. इतरांनी आपल्या जिल्हा रुग्णालयात किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे जावं. नंबर फिरवण्याआधी तिथे विचारलेलं बरं.

शेवटपर्यंत काम

दंड भरूनही मासिक थांबलं नाही. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले आणि नोव्हेंबरच्या अंकानंतर ‘समाजस्वास्थ्य’ बंद पडलं. हयातीत त्यांच्या वाट्याला मुख्यतः टीका आली. कौतुक फार उशिरा आलं. २००१ मध्ये अमोल पालेकरांनी त्यांच्या आयुष्यावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला.

कुटुंबनियोजन पुढे सरकारी धोरण झालं, त्याची पोस्टरं गावोगावी लागली. वयात आलेल्या पोराच्या प्रश्नाला घरात सरळ उत्तर देणं मात्र अजून अनेकांना जमत नाही. कर्व्यांनी ते दंड भरून केलं. आपल्याला तर दंडही नाही.