युजीन हूड्री

युजीन ज्यूल हूड्री (जन्म : १८ एप्रिल १८९२, दोमाँ, फ्रान्स, मृत्यू : १८ जुलै १९६२, अपर डार्बी, पेनसिल्व्हेनिया, अमेरिका) हे फ्रेंच-अमेरिकन अभियंते व संशोधक होते. खनिज तेलापासून उच्च प्रतीचे पेट्रोल मिळवण्याची उत्प्रेरकी भंजन पद्धत आणि मोटारींच्या धुरातील विषारी वायूंचे प्रमाण घटवणारा उत्प्रेरकी परिवर्तक (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) या दोन्ही क्षेत्रांत त्यांचे कार्य पायाभूत मानले जाते. त्यांच्या नावावर सुमारे १०० पेटंटे होती.

प्रारंभिक जीवन

हूड्री यांचा जन्म पॅरिसजवळील दोमाँ या गावी झाला. त्यांच्या वडिलांचा पोलादी बांधकामाचा व्यवसाय होता. युजीन यांनी 'एकोल देझार ए मेत्ये' या संस्थेत यांत्रिकी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १९११ मध्ये ते वर्गात सर्वप्रथम आले व फ्रेंच सरकारने त्यांना सुवर्णपदक दिले. त्यानंतर ते वडिलांच्या व्यवसायात सहभागी झाले. पहिल्या महायुद्धात ते फ्रेंच सैन्याच्या रणगाडा दलात होते. १९१७ मध्ये ज्युव्हँकूरच्या लढाईत ते गंभीर जखमी झाले. शत्रूच्या माऱ्यात निकामी रणगाड्यांची दुरुस्ती घडवून आणल्याबद्दल त्यांना 'क्र्वा द गेर' हे शौर्यपदक मिळाले.

इंधन संशोधन

युद्धानंतर हूड्री मोटारींच्या शर्यतींकडे वळले. १९२२ मध्ये त्यांनी अमेरिकेतील इंडियानापोलिसची शर्यत व फोर्ड कंपनीचा कारखाना पाहिला. इंजिनाची क्षमता वाढवायची तर इंधनाचा दर्जा सुधारणे आवश्यक आहे, असे त्यांचे मत बनले. फ्रान्समध्ये खनिज तेलाचे साठे अल्प होते. त्यामुळे लिग्नाइट या निकृष्ट कोळशापासून पेट्रोल बनवण्याचे प्रयत्न त्यांनी हाती घेतले. १९२९ मध्ये सरकारी साहाय्याने उभारलेल्या कारखान्यात दररोज ६० टन लिग्नाइटवर प्रक्रिया होऊ लागली. परंतु उत्पादनखर्च परवडेना, तेव्हा सरकारने मदत थांबवली.

दरम्यान हूड्री यांनी जड तेलाच्या भंजनावरही प्रयोग चालवले होते. शेकडो पदार्थ तपासल्यानंतर सिलिका व ॲल्युमिना असलेली क्रियाशील माती हा प्रभावी उत्प्रेरक असल्याचे त्यांना आढळले. तयार झालेले पेट्रोल ते स्वतःच्या बुगाटी मोटारीत वापरून पाहत.

हूड्री प्रक्रिया

व्हॅक्यूम ऑइल कंपनीच्या निमंत्रणावरून हूड्री १९३० मध्ये अमेरिकेस गेले. पुढील वर्षी 'हूड्री प्रोसेस कॉर्पोरेशन' स्थापन झाले व १९३३ मध्ये सन ऑइल कंपनीही या प्रकल्पात सामील झाली.

भंजनाच्या वेळी उत्प्रेरकावर कार्बनचा थर साचतो व काही मिनिटांतच त्याची क्रियाशीलता संपते, ही या पद्धतीतील मुख्य अडचण होती. हूड्री यांनी अनेक पात्रांची मालिका योजली. एका पात्रात भंजन सुरू असताना दुसऱ्यातील कार्बन हवेच्या साहाय्याने जाळून उत्प्रेरक पुन्हा कार्यक्षम केला जाई. मार्कस हुक येथील सन ऑइलच्या संयंत्रात या ज्वलनातून निघणाऱ्या उष्ण वायूंवर एक टर्बाइन चालवले गेले आणि त्या टर्बाइनाने हवा दाबणारा संपीडक फिरवला. मोटारीच्या टर्बोचार्जरचे तत्त्वही हेच आहे. १९३७ मध्ये तेथील पूर्ण क्षमतेचे संयंत्र दररोज १२,००० बॅरल तेलावर प्रक्रिया करू लागले.

या पद्धतीने मिळणाऱ्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक अधिक असे. अशा इंधनामुळे दाबयुक्त हवा घेणाऱ्या विमान इंजिनांत अकाली स्फोट, म्हणजेच 'नॉकिंग', टळते. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांना लागणाऱ्या १०० ऑक्टेन इंधनाच्या निर्मितीत हूड्री संयंत्रांचा मोठा वाटा होता.

राजकीय भूमिका

१९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाल्यानंतर हूड्री यांनी जनरल द गोल यांची बाजू घेतली व अमेरिकेतील 'फ्रान्स फॉरएव्हर' या संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारले. त्यामुळे १९४१ मध्ये व्हिशी सरकारने त्यांचे फ्रेंच नागरिकत्व रद्द केले. १९४२ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

उत्प्रेरकी परिवर्तक

युद्धोत्तर काळात लॉस एंजेलिसमधील दाट धुरक्याचा प्रश्न गंभीर बनला. मोटारींच्या धुराचे आरोग्यावर होणारे परिणाम, विशेषतः फुप्फुसाच्या कर्करोगाची वाढ, यांमुळे हूड्री चिंतित झाले. ज्या पेट्रोलच्या उत्पादनात त्यांनी आयुष्य घालवले, त्याच्याच धुराचे शुद्धीकरण हे आता त्यांचे कार्य ठरले. १९५० च्या सुमारास त्यांनी 'ऑक्सी-कॅटॅलिस्ट' ही कंपनी काढली. त्यांच्या उपकरणात चिनी मातीच्या दांड्यांवर ॲल्युमिना व प्लॅटिनम यांचा पातळ थर दिलेला असे. त्यावरून जाताना कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले हायड्रोकार्बन ऑक्सिजनशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ यांत रूपांतरित होत. १९५६ मध्ये त्यांना याचे अमेरिकन पेटंट मिळाले.

तथापि, रस्त्यावरील मोटारींत हे उपकरण त्या काळी टिकू शकले नाही. नॉकिंग टाळण्यासाठी पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे टेट्राएथिल शिसे प्लॅटिनमवर साचून उत्प्रेरक निष्क्रिय करी. हूड्री यांच्या हयातीत हा अडथळा दूर झाला नाही.

सन्मान आणि वारसा

हूड्री यांना १९५९ मध्ये पर्किन पदक मिळाले. मृत्यूनंतर, १९९० मध्ये, अमेरिकेच्या 'नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश करण्यात आला.

अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध झाले आणि १९७५ च्या मॉडेलपासून बहुसंख्य नव्या मोटारींत परिवर्तक बसवले जाऊ लागले. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना तो बंधनकारक झाला.

आधुनिक टर्बोचार्जरयुक्त मोटारींत परिवर्तक सहसा टर्बाइनच्या लगतच पुढे असतो. त्याच्या आधी व नंतर बसवलेल्या ऑक्सिजन संवेदकांच्या साहाय्याने इंजिनाचा संगणक त्याच्यावर लक्ष ठेवतो. कार्यक्षमता ठरावीक मर्यादेखाली गेल्यास इंजिनाचा इशारादिवा लागतो व पी०४२० हा दोषसंकेत नोंदला जातो.