भुकटीतून उमटलेले अक्षर : चेस्टर कार्लसन

झेरॉक्स हा शब्द आपल्या घरोघरी रुळला आहे. परंतु त्यामागील तपस्व्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते. त्या चेस्टर कार्लसन यांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

८ फेब्रुवारी १९०६ रोजी अमेरिकेतील सिएटल नगरात त्यांचा जन्म झाला. वडील केशकर्तनाचा व्यवसाय करीत. पण क्षय व संधिवात यांनी ते जर्जर झाले आणि संसाराचा भार एकुलत्या एका मुलाच्या कोवळ्या खांद्यांवर आला. शाळेच्या आधी व नंतर मिळेल ते काम करून चेस्टर चार पैसे मिळवी. एका मुद्रकाकडे काम करीत असता लाभलेल्या जुन्या छपाईयंत्रावर त्याने विज्ञानप्रेमी विद्यार्थ्यांसाठी नियतकालिक काढण्याचा खटाटोपही केला. एकेक अक्षर कागदावर आणणे किती कष्टाचे असते, हे त्याला तेव्हाच उमगले. सतराव्या वर्षी मातृछत्र हरपले. तरीही १९३० साली तो पदार्थविज्ञानाचा पदवीधर झाला.

पुढे न्यूयॉर्कमध्ये पेटंटच्या कचेरीत काम करताना कार्लसन यांना लेख व आकृत्यांच्या प्रतींची नित्य गरज पडे. हाताने नकला करणे जिकिरीचे, तर छायाचित्रे महाग. तेव्हा रात्री ग्रंथालयात अभ्यास आणि घरच्या स्वयंपाकघरात गंधकाचे प्रयोग सुरू झाले.

२२ ऑक्टोबर १९३८ रोजी अ‍ॅस्टोरिया येथील भाड्याच्या खोलीत, सहकारी ओटो कोर्नाय यांच्यासह, त्यांनी गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून विद्युत्भारित केला. काचेवर लिहिलेली तारीख व स्थळनाम त्यावर ठेवून प्रकाश पाडला. उजेड पडला तेथील भार नाहीसा झाला. अक्षरांखालील भार टिकला आणि तेथेच भुकटी चिकटली. ती मेणकागदावर घेऊन ऊब देताच अक्षरे कायम झाली. नव्या विद्येचा हा पहिला लेख म्हणजे एक साधी नावपट्टीच होती!

त्यानंतर वीसहून अधिक कंपन्यांनी त्यांना विन्मुख पाठविले. १९४४ मध्ये बॅटेल संशोधनसंस्थेने हात दिला. तेथे उष्णतेने वितळणारी भुकटी, म्हणजेच टोनर, सिद्ध झाली. १९५९ मध्ये ‘झेरॉक्स ९१४’ हे यंत्र लोकांपुढे आले व अपार संपत्ती चालून आली. तिचा मोठा भाग त्यांनी नावाचा गाजावाजा न करता दान केला. १९ सप्टेंबर १९६८ रोजी ते निवर्तले.

तोच टोनर आज घरी केलेल्या सर्किट बोर्डावर नावे उमटवितो. नावांची आकृती आरशातल्याप्रमाणे उलटी करून लेझर-यंत्राने गुळगुळीत कागदावर छापावी, छापील बाजू बोर्डावर पालथी ठेवावी आणि वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली वरून गरम इस्त्री दाबावी. टोनर वितळून बोर्डास धरतो. गार झाल्यावर कागद पाण्यात भिजवून अलगद चोळून काढावा. सुटी शाई वापरणाऱ्या यंत्राच्या छपाईने हे साधत नाही.

ज्या बोर्डावर कोणता भाग कोठला हे लिहिलेले नाही, तो करणाऱ्यालाही वर्षभराने परका होतो. मग दुसऱ्याने तो दुरुस्त कसा करावा? म्हणून भागांची नावे लिहावीतच, आणि एका कोपऱ्यात तारीख व गावाचे नावही घालावे. कार्लसन यांनी पहिल्या दिवशी तेवढेच लिहिले होते.