अण्णाभाऊ साठे : आधी बंदी, मग पुरस्कार

१ ऑगस्ट जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये कमानी उभ्या राहतात, वर्गणी गोळा होते आणि अण्णाभाऊंचे एकही पुस्तक न उघडलेले पुढारी फ्लेक्सवर हात जोडून झळकतात. त्यावर लिहून आता आम्हीच कंटाळलो आहोत. या वेळी अण्णाभाऊंचे आयुष्य सरकार आणि कलावंत यांच्यातल्या व्यवहाराच्या बाजूने सांगायचे आहे. कोणत्या कलेला परवानगी, कोणाला पैसा, कोणाला मान, हे सरकार ठरवते तेव्हा त्याचा फटका आधी कोणत्या वस्तीला बसतो, ते या एका माणसाच्या आयुष्यात स्वच्छ दिसते.

वाटेगावच्या मांगवाड्यात १९२० साली तुकाराम भाऊराव साठे जन्मले. शाळा म्हणाल तर जेमतेम दीड दिवसाची. गुन्हेगार जमातीचा शिक्का बसलेला समाज, दुष्काळी दिवस. आईवडिलांबरोबर हा मुलगा पायी मुंबईला आला, पडेल ते काम केले, पुढे गिरणीत लागला. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचून. मधल्या काळात गावी परतल्यावर नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात ते रमले. त्यांची खरी शाळा ही.

मुंबईच्या कामगार चळवळीत आल्यावर त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला, बंगालच्या दुष्काळावर लिहिले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभे राहिले. गिरणगावात आणि खेड्यापाड्यांत या पथकाला माणसांची रीघ लागे. यात सरकारचा एक पैसा नव्हता.

मग स्वातंत्र्य आले. मुंबई राज्यात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री. तमाशा अश्लील आहे, समाज बिघडवतो, असे म्हणून त्यावर बंदी आली. आता तमाशात कोण होते ते बघा: महार, मांग, कोल्हाटी. ज्यांना शेत नाही, दुकान नाही, त्यांच्या हातात ढोलकी होती आणि तीच काढून घेतली गेली. संगीत नाटकातल्या शृंगाराला कोणी हात लावला नाही, हे वेगळे सांगायला नको.

ओरड झाल्यावर दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारणेसाठी समिती नेमली. बंदी उठली, पण अटींवर. वगाची संहिता आधी लिहून द्यायची, ती मंजूर झाली तरच प्रयोग. कागदावर अट साधी दिसते. पण तमाशाची बतावणी लिहिलेली नसतेच. सोंगाड्या समोरचा गाव बघून बोलतो, पाटलाला चिमटा काढतो, सावकाराला टोला देतो. ज्या कलावंतांना सही करता येत नव्हती त्यांनी संहिता आणायची कुठून? लिहिता येणाऱ्यांच्या हाती न लिहिता येणाऱ्यांची कला गेली. आम्हाला मूळ बंदीपेक्षा ही अट जास्त खोल गेलेली वाटते.

अण्णाभाऊ लिहिणारे होते, तरी त्यांची सुटका झाली नाही. अडचण त्यांच्या आशयाची होती. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘बेकायदेशीर’ ही नावेच पुरेशी बोलकी आहेत. गणातला गणपती काढून त्यांनी तिथे मातृभूमी आणि श्रमिक बसवले, गवळण वगळली. ज्या तमाशाला सरकार घाणेरडा म्हणत होते त्याला त्यांनी लोकनाट्य करून कामगारांच्या सभेत प्रतिष्ठेने उभे केले. समितीला खरेच सुधारणा हवी असती तर ती इथे झालेली होती. पण कलापथकावर बंदी आली. ‘माझी मुंबई’वरही आली. पोलिसांचा ससेमिरा असताना ते लिहीत, गात राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ‘माझी मैना’ ही छक्कड घराघरांत गेली, ती कोणत्याही परवान्यावाचून.

२ मार्च १९५८ला मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन झाले, त्याचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले. पुढच्याच वर्षी आलेली ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १ मे १९६०ला महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६१ साली त्याच ‘फकिरा’ला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. ब्रिटिश खजिना लुटून भुकेल्यांना वाटणाऱ्या मांग बंडखोराची ही गोष्ट. इंग्रजांविरुद्धचे बंड पुस्तकात असेल तर त्याला मान, आणि चालू राज्यकर्त्यांवरचा वग मैदानात असेल तर त्याला पोलीस, असा हा हिशेब आम्ही लावतो. कोणाला तो कडवट वाटेल.

पुरस्काराने घर चालले नाही. कथा-कादंबऱ्यांचा ढीग लिहिलेला, त्यांच्या कादंबऱ्यांवर सिनेमे निघालेले, आणि हा लेखक घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत. शेवटी शेवटी ते गोरेगावच्या सिद्धार्थनगरात राहायला गेले. तिथेच १८ जुलै १९६९ला, पन्नाशीही न गाठता, ते गेले.

त्यानंतर सरकारला ते फार आवडू लागले. १९८५ साली त्यांच्या नावाने महामंडळ निघाले, २००२ साली टपाल तिकीट आले, २०२२ साली मॉस्कोत पुतळा बसला. आम्हाला याचा आनंदच आहे. मात्र आपल्या वस्तीतल्या जुन्या गायन पार्टीतल्या, कलापथकातल्या म्हाताऱ्या माणसाने सरकारी मानधनासाठी अर्ज केला की त्याच्याकडे कलेचा कागदी पुरावा मागतात. पन्नास वर्षे पेटी वाजवली, पण कात्रण नाही, प्रमाणपत्र नाही. संहिता मागणारी ती जुनी अट अजून जिवंत आहे. येत्या जयंतीला मंडळांनी एक दिवस या माणसांच्या घरी बसावे, जुनी पत्रके आणि फोटो शोधावेत, अर्ज भरून द्यावेत. आम्ही आमच्या वस्तीत सुरुवात करतो आहोत.